पांढरा हात मारायचा नाही

भिंतीवरच्या चित्राला कुणी काळं फासलं की तासाभरात एक सल्ला हमखास येतो, "पांढरा हात मारून टाका, विषय संपवा." सल्ला देणारा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याला दंगा नको असतो, दारात पोलिसांची गाडी नको असते, संध्याकाळी दुकान उघडं ठेवायचं असतं. आमच्या वस्तीतही भल्या सकाळी हाच सल्ला आला, आणि तो ऐकला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. गुन्हा दाखल झाला नसता आणि चित्रही परत आलं नसतं. ज्याने काळं फासलं त्याला ते चेहरे भिंतीवर नको होते. पांढऱ्या रंगाने त्याचं उरलेलं काम आम्हीच पूर्ण करून दिलं असतं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या तालुक्याच्या गावात समाजमंदिराला लागून एक अभ्यासिका आहे, तिची मागची भिंत रस्त्याकडे येते. २०२४ च्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, वस्तीतल्या मुलींनी ती भिंत रंगवली. भिंतीला पुट्टी, प्रायमर आणि बाहेरून मारायचं इमल्शन, अगदी रीतसर. कागदावरचं चित्र चौकोन आखून मोठं केलं आणि एकेका मुलीला एकेक चौकोन वाटून दिला. मधे सावित्रीबाई, त्यांच्या डाव्या हाताला त्यांच्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या फातिमा शेख, उजव्या हाताला पाटी घेऊन उभी असलेली मुक्ता साळवे. मुक्ता फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली मुलगी. १८५५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आपल्या जातीच्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे तिने त्यात लिहिलं आहे. आमच्या वस्तीत मातंग घरं आहेत, बौद्ध घरं आहेत, एका अंगाला मुसलमानांची गल्ली आहे. हे तीन चेहरे कुणी बाहेरून सुचवले नव्हते, मुलींनीच निवडले होते.

हल्ला दुसरा पावसाळा संपल्यावर झाला, रात्रीतून. सावित्रीबाईंना हात लावलेला नव्हता. फातिमाबाईंच्या चेहऱ्यावर काळा स्प्रे मारला होता आणि गळ्याच्या ठिकाणी भिंतीत खिळ्याने किंवा चाकूने ओरखडून धर्मावरून शिवी कोरली होती. मुक्ताच्या चेहऱ्यावर डबा ओतल्यासारखा काळा ऑइल पेंट, आणि तिच्या हातातल्या पाटीवर बोटाने लिहिलेली जातीवाचक शिवी. दोन चेहरे निवडून खराब केले आणि तिसरा जाणूनबुजून सोडला, यावरून करणाऱ्याला काय म्हणायचं होतं हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

पाण्याला निघालेल्या बायकांनी ते पहिल्यांदा पाहिलं. मी पोचले तेव्हा एका आजींनी घरातून दोन चादरी आणून भिंतीवर टाकायची तयारी केली होती. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शाळेची वेळ झाली होती, पोरी त्याच रस्त्याने जाणार होत्या. पण चादर टाकायच्या आधी फोटो हवे होते. आम्ही आधी पूर्ण भिंतीचे, मग प्रत्येक डागाचे, जवळून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढले. कोरलेल्या अक्षरांवर बाजूने टॉर्च धरला की सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात, तेही फोटो घेतले. मग चादरी वरच्या खिळ्यांना बांधल्या, रंगाला चिकटणार नाहीत अशा सैल. भिंतीला पाणी लावायचं नाही, पुसायचं नाही, खाली पडलेलं काही उचलायचं नाही. स्प्रेच्या डब्याचं टोपण गटाराच्या कडेला पडलं होतं, त्यावर एक टोपली उपडी घातली आणि तिथे एका पोराला उभं केलं.

फोटो कुणी फॉरवर्ड करायचे नाहीत, हेही तिथेच ठरलं. हे पाळणं सगळ्यात अवघड गेलं. तरण्या मुलांच्या अंगाची आग होत होती, आणि का होणार नाही. पण वस्तीतल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घाटकोपर होतं. ११ जुलै १९९७ ला माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० जीव गेले. परभणी तर अगदी ताजं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली आणि सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. एक काका मुलांना म्हणाले, "बाळांनो, रंग त्यांनी फासला आणि जेलात आपण जायचं, असं करू नका." त्यानंतर मुलं गप्प बसली असं नाही, पण त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावून घेतल्या.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून पाठवायच्या बेतात होते. भिंत खराब केली, नुकसान किती, हजार-दोन हजार, असा त्यांचा हिशोब. आमच्याबरोबर वस्तीतलाच एक वकिलीला असलेला मुलगा होता. त्याने कागदावर कलमं लिहून आणली होती आणि आवाज न चढवता तो तीच तीच वाचत राहिला. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, म्हणजे धर्म, जात वगैरे कारणांवरून गटागटांत वैर वाढवणं. हा दखलपात्र गुन्हा आहे. कलम ३२४, मालमत्तेचं नुकसान. आणि अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(व्ही), जे २०१५ च्या दुरुस्तीत आलं. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना ज्यांच्याविषयी मोठा आदर आहे अशा दिवंगत व्यक्तीचा शब्दांनी किंवा इतर मार्गाने केलेला अनादर, हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. याच कायद्याच्या कलम १८-ए मुळे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. फिर्याद मातंग समाजातल्या एका ताईंनी दिली. त्या बचत गटाच्या अध्यक्ष आहेत, सही करायला कचरत नाहीत. दुपारी गुन्हा दाखल झाला आणि फिर्यादीची प्रत हातात आली. ती फुकट मिळते, मागून घ्यावी.

अॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारीच करतो. त्यामुळे पंचनाम्याला वरिष्ठ अधिकारी येणार, तोवर भिंतीला हात लावायचा नाही. इकडे माझा जीव टांगणीला. ऑइल पेंट ओला असताना टर्पेंटाइनने चटकन निघतो. काही तासांत वरून सुकतो आणि रात्र गेली की टणक होत जातो. आपल्या डोळ्यांदेखत तो वाळत चाललाय आणि आपण हात बांधून उभ्या, असा तो दिवस गेला. तरीही सांगते, तेच बरोबर होतं. साफ केलेल्या भिंतीवर पंचनामा होत नाही. साहेब आले, मोजमापं झाली, दोन्ही रंगांचे खरवडून नमुने घेतले, टोपण पाकिटात सील केलं, ते न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेला जाणार म्हणून नोंद झाली. समोरच्या पिठाच्या गिरणीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग गिरणीवाल्यांनी स्वतःहून दिलं. भिंत साफ करायला हरकत नाही, हे आम्ही लेखी मागितलं. तोंडी परवानगीवर काम सुरू केलं असतं तर पुढे पुरावा नष्ट केल्याचं बालंट आमच्यावरच आलं असतं.

दुसऱ्या दिवशी शांतता समितीची बैठक झाली. तिथे पांढऱ्या रंगाचा प्रस्ताव परत आला, या वेळी जरा सभ्य कपड्यांत. भिंत नगरपालिकेची आहे, वाद कशाला, फक्त सावित्रीबाईंचं चित्र ठेवू, त्यांच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही, बाजूच्या दोन जागी एखादं झाड, एखादं पुस्तक रंगवू. बऱ्याच माना डोलल्या. मला आजही वाटतं की सगळ्या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा क्षण तो होता. रात्री अंधारात जे केलं गेलं, ते दिवसाउजेडी चहा पिता पिता मंजूर व्हायला निघालं होतं.

मुसलमान गल्लीतल्या एक नानी बैठकीला आल्या होत्या. त्या शेवटी बोलल्या. "फातिमाला काढायचं असेल तर काढा, आम्ही भांडणार नाही. पण मग सावित्रीबाई तिथे एकट्या का उभ्या हायत, ते पोरींना तुम्ही सांगा." कुणाला उत्तर देता आलं नाही. मी तेव्हा फक्त एका पत्राची आठवण करून दिली. १० ऑक्टोबर १८५६ चं, सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं. त्या आजारी होत्या, माहेरी होत्या, आणि शाळेचा सगळा भार फातिमाला ओढावा लागत असेल याची त्यांना काळजी होती. ती कुरकुरणार नाही, अशी खात्रीही होती. घरातून बाहेर पडावं लागल्यावर फुले दाम्पत्याला गंजपेठेत फातिमाबाईंचे भाऊ उस्मान शेख यांनी आसरा दिला, हे बैठकीतल्या जुन्या शिक्षकांना ठाऊक होतंच. ठराव झाला: चित्र होतं तसंच, तिघींसकट. त्या कागदावर नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांची सही घेतल्याशिवाय आम्ही उठलो नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी, कारण माहितीअभावी चांगली चित्रं साफ करताना कायमची जातात. बाजारात 'थिनर मारा' असं कुणीही सांगतो. थिनर काळा रंग काढतोच, पण खालचं इमल्शनही विरघळवतो, आणि हातात येतो तो राखाडी चिखल. म्हणून आधी चाचणी. चित्राच्या अगदी कडेला, जिथे काळ्याचे शिंतोडे होते, तिथे काडीला कापूस गुंडाळून एकेक द्रव लावून पाहिला. नुसतं साबणपाणी, मग टर्पेंटाइन, मग थिनर. कापसावर काळ्याबरोबर निळा किंवा तपकिरी आला की थांबायचं, तो खालच्या चित्राचा रंग असतो.

मुक्ताच्या चेहऱ्यावरचा ऑइल पेंट वरून सुकला होता, पण जाड थराच्या आत मऊ होता. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस त्यावर थोडा वेळ दाबून धरायचा, थर फुगला की बांबूच्या चपट्या काडीने अलगद उचलायचा, मग कोरडा कापूस, मग परत. लोखंडी पत्रा अजिबात नाही. तळहाताएवढी जागा साफ व्हायला सकाळ जायची. तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि बिडी-सिगारेटवाल्यांना लांब हाकलायचं काम दोन मावश्यांकडे. एके दुपारी काळ्यातून मुक्ताचा डावा डोळा निघाला, आठवीतल्या एका मुलीने रंगवलेला, बुबुळात पांढरा ठिपका जरा मोठा पडलेला. ती मुलगी शाळेतून परत येताना थांबली आणि म्हणाली, "बाई, माझा ठिपका हाय तसाच हाय." पुढे कुणी काम सोडून जेवायला जाईना.

फातिमाबाईंच्या बाबतीत तसं झालं नाही. स्प्रेचा रंग टर्पेंटाइनला दाद देईना आणि थिनर खालचा चेहराच खाऊ लागला. त्यावर ओरखडे प्लास्टरपर्यंत गेलेले. तो भाग नव्याने करायला लागणार हे मान्य केलं. काळं पॉलिश पेपरने हलकं घासून बोथट केलं. नुसतं इमल्शन वर मारलं तर काही महिन्यांनी काळं परत वर झिरपतं, म्हणून आधी डाग दाबणारा, पाण्यात न विरघळणारा प्रायमर. कोरलेली अक्षरं पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीने भरली. हे काम संध्याकाळी, मुलं घरी गेल्यावर, आम्ही मोठ्या बायकांनीच केलं. बाजूने टॉर्च धरायचा, शिवीचं अक्षर अजून दिसतंय का बघायचं, परत भरायचं, घासायचं, परत टॉर्च. अक्षर हाताला लागत नाही तरी तिरप्या उजेडात दिसतं. जी बाई भरत होती तिला ती शिवी आयुष्यभर ऐकवली गेली आहे. शेवटचं अक्षर बुजलं तेव्हा ती भिंतीवरून तळवा फिरवत बराच वेळ उभी राहिली, आणि मग टॉर्च बंद न करता पूर्ण भिंत तपासून मगच खाली उतरली.

काळ्याची खूण ठेवावी का, यावर आमच्यात वाद झाला आणि तो चांगला झाला. तरुण मुलांचं म्हणणं, एक डाग राहू द्या, जगाला दिसू दे. मी त्यांना लॉस एंजेलिसचं उदाहरण सांगितलं. तिथे सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराने १९३२ मध्ये रंगवलेलं भित्तिचित्र मालकांना खटकलं म्हणून त्यावर पांढरा रंग मारला गेला. अनेक दशकांनी तज्ज्ञांनी ते उघडं केलं, टिकवलं आणि २०१२ मध्ये लोकांसाठी खुलं केलं, पण नव्याने रंगवलं नाही. जे फिकट उरलं होतं तेच जपलं, कारण मूळ चित्रकार हयात नव्हता आणि त्याचा हात दुसऱ्याने चालवायचा नाही असं ठरलं. आमच्याकडे चित्र काढणाऱ्या मुली पुढच्याच गल्लीत राहत होत्या. आणि एका आईने विचारलं, "डाग जगाला दिसल, पण रोज सकाळी त्याच्यासमोरनं माझी पोरगी जाती, तिनं काय बघायचं?" शेवटी असं ठरलं की शिव्यांचा मागमूस ठेवायचा नाही. खालच्या कोपऱ्यात दोन तारखा लिहायच्या, पहिल्यांदा रंगवल्याची आणि पुन्हा रंगवल्याची, आणि 'पुन्हा' हा शब्द ठसठशीत.

फातिमाबाईंचा चेहरा मुलींनी परत चौकोन आखून घातला. पहिल्या वेळचे कागद मी जपून ठेवले होते, त्यामुळे मापं मिळाली. रंग मात्र जुळेनात. दोन उन्हाळे खाल्लेली भिंत फिकी पडते, डब्यातला रंग तिच्याशेजारी भडक दिसतो. प्रत्येक छटेत पिवळ्या मातीचा आणि थोडा काळा स्टेनर थेंबाथेंबाने घालून, पुठ्ठ्यावर वाळवून, भिंतीला टेकवून पाहायचं. ओला रंग वाळल्यावर गडद होतो हे मुलींना तिसऱ्या पुठ्ठ्याला उमगलं आणि मग त्याच मला सांगू लागल्या. ज्या छटा जुळल्या त्यांची मापं वहीत उतरवली. ओढणीच्या काठासाठी नानींनी त्यांची ट्रंकेतली जुनी ओढणी आणली. काठावरची बुट्टी आधीच्या चित्रात नव्हती, आता आहे.

सगळं वाळल्यावर वरून पारदर्शक लेप दिला. त्याचे पातळ थर दिले की पुढे कुणी काही फासलंच तर ते त्या लेपावर बसतं, चित्राच्या अंगात मुरत नाही. तो दर काही वर्षांनी परत द्यावा लागेल. रस्त्यावरचा बंद दिवा नगरपालिकेने लावून दिला, त्यासाठी मात्र बरेच हेलपाटे पडले. खर्च वर्गणीतून. एका कंत्राटदाराने सगळी रक्कम एकरकमी देऊ केली होती, भिंतीवर नाव घालायच्या अटीवर. त्याला चहा पाजून परत पाठवलं. परांची, रंग, कापूस, टर्पेंटाइन, मास्क यांची पक्की बिलं घेतली, कारण नुकसान किती झालं हे कोर्टात कागदावर दाखवावं लागतं.

गिरणीच्या कॅमेऱ्यावरून दोघं ओळखले गेले. नावं मी लिहीत नाही, खटला चालू आहे. दोषारोपपत्र दाखल झालं, तारखा पडतात. बचत गटाच्या ताई प्रत्येक तारखेला जातात आणि त्यांच्याबरोबर नानींची सून जाते. बिलांच्या फायलीत मजुरीचा रकाना कोरा होता. वकिलांनी विचारलं, "इथे काय लिहू?" मुलींनी किती दिवस दिले, त्याची किंमत कशी धरायची, हे अजून ठरलेलं नाही. सरकारी दर रंगाऱ्याचा आहे, तो लावला तर रक्कम वाढते आणि खटल्याला वजन येतं, असं त्यांचं म्हणणं. मुलींच्या आयांना ते पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, मजुरी मांडायची तर सगळ्या मुलींची नावं मांडा, एकेक करून. पुढच्या तारखेच्या आत ती यादी करायची आहे.